तालुक्याला आणखी एक न्यायालय हवे आहे का? कामाचा भार मोजून उत्तर काढण्याची पद्धत

वकील संघाचे निवेदन बहुधा एकाच वाक्यावर उभे असते: आमच्या तालुक्यात इतकी हजार प्रकरणे प्रलंबित आहेत, सबब येथे अतिरिक्त न्यायालय मंजूर व्हावे. आकडा खरा असतो आणि त्यामागचा त्रासही खरा असतो, परंतु नुसत्या प्रलंबित प्रकरणांच्या बेरजेवरून नव्या न्यायालयाची गरज ठरत नाही. पाच हजार प्रलंबित प्रकरणांपैकी तीन हजार मोटार वाहन कायद्याखालची किरकोळ प्रकरणे असू शकतात. मंजूर दोन पदांपैकी एक वर्षभर रिक्त राहिल्यामुळे कामे साचलेली असू शकतात. आरोपी फरारी असल्यामुळे किंवा वरिष्ठ न्यायालयाची स्थगिती असल्यामुळे शेकडो फाइली जागच्या हलू शकत नाहीत, असेही असते. या तिन्ही परिस्थितींवर नवे न्यायालय हा उपाय नव्हे. पदे भरलेली आहेत, न्यायाधीश पूर्ण वेळ कामात आहेत आणि तरीही दरवर्षी दाखल होणारे काम त्यांच्या हातून उरकणाऱ्या कामापेक्षा जास्त आहे, अशी चौथी परिस्थिती असेल तरच मागणी टिकते. ही चौथी परिस्थिती पहिल्या तिन्हींपासून वेगळी काढून दाखवणे हाच अशा अभ्यासाचा गाभा आहे.

पुढील मांडणी तालुक्याचे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांचे न्यायालय डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. वकील संघाची समिती, विधी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा गट किंवा जिल्हा न्यायालयातील एखादा जिज्ञासू कर्मचारी, यांपैकी कोणालाही काही महिन्यांत असा अभ्यास पुरा करता येईल. वरिष्ठ स्तर किंवा जिल्हा न्यायालयासाठी पद्धत हीच राहते, फक्त प्रकरणांचे प्रकार आणि त्यांना लागणारा वेळ बदलतो.

मोजणीच्या तीन पद्धती

सर्वांत जुनी पद्धत लोकसंख्येची. विधी आयोगाने १९८७ च्या १२०व्या अहवालात, दर दहा लाख लोकसंख्येमागे तेव्हा असलेले १०.५ न्यायाधीशांचे प्रमाण ५० पर्यंत न्यावे, अशी शिफारस केली होती. २००२ साली अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही वाढ पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने करण्याचे निर्देश दिले. देशभरात न्यायाधीशांची उणीव केवढी मोठी आहे हे दाखवायला हे प्रमाण उपयोगी आहे. तालुका निवडायला मात्र ते उपयोगी नाही, कारण सारख्याच लोकसंख्येच्या दोन तालुक्यांपैकी एकात औद्योगिक वसाहत, महामार्ग आणि चढे जमीनभाव असतात, तर दुसऱ्यात कोरडवाहू शेती आणि सहा महिन्यांचे स्थलांतर असते. या दोन तालुक्यांतून न्यायालयात येणारे काम सारखे असण्याचे काहीच कारण नाही.

दुसरी पद्धत निकालाच्या दराची. इम्तियाज अहमद विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केल्यानंतर न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने २०१४ साली २४५वा अहवाल दिला आणि त्यात ही पद्धत मांडली. एक न्यायाधीश वर्षाला सरासरी किती प्रकरणे निकाली काढतो हे पाहावे, वर्षाला दाखल होणाऱ्या प्रकरणांना त्या संख्येने भागावे, म्हणजे थकबाकी वाढू न देण्यासाठी किती न्यायाधीश लागतील हे कळते. साचलेल्या थकबाकीचा हिशेब त्यानंतर वेगळा करावा. पद्धत सोपी आहे आणि उपलब्ध आकड्यांवर चालते, हा तिचा मोठा गुण. वाटणीच्या दाव्याला आणि हेल्मेट नसल्याच्या प्रकरणाला ती एकच माप लावते, हा दोष. आयोगालाही याची जाणीव होती; म्हणूनच वाहतुकीची आणि पोलीस चलानांची प्रकरणे नियमित न्यायालयांकडून काढून सकाळ-संध्याकाळच्या विशेष न्यायालयांकडे द्यावीत, असे त्याने सुचवले.

तिसरी पद्धत भारित मोजणीची. प्रत्येक प्रकारच्या प्रकरणाला न्यायाधीशाचा सरासरी किती वेळ लागतो ते ठरवायचे आणि दाखल संख्येला त्या भाराने गुणायचे. जानेवारी २०१७ मध्ये इम्तियाज अहमद प्रकरणातच सर्वोच्च न्यायालयाने, राष्ट्रीय न्यायालय व्यवस्थापन प्रणाली समितीची अंतिम पद्धत तयार होईपर्यंत तिच्या अंतरिम अहवालातली भारित पद्धत उच्च न्यायालयांनी वापरावी, असे सांगितले. अमेरिकेच्या संघीय जिल्हा न्यायालयांत नवी न्यायाधीशपदे मागताना दर न्यायाधीशामागे ४३० भारित दाखल प्रकरणे हा उंबरठा वापरतात. तेथेही कच्ची संख्या पुढे करून कोणी पद मागत नाही. माझे मत असे, की निकालाच्या दराने पहिला अंदाज काढावा, भारित मोजणीने तो तपासावा आणि दोन्ही उत्तरे जवळ आल्याशिवाय प्रस्ताव पाठवू नये.

आकडे कोठून घ्यावेत

राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड, म्हणजे देशभरातल्या न्यायालयांतील प्रकरणांची आकडेवारी दाखवणारे संकेतस्थळ, २०१५ पासून सर्वांसाठी खुली आहे. तिच्यावर राज्य, जिल्हा आणि न्यायालय अशा क्रमाने खाली उतरत गेल्यास प्रलंबित प्रकरणे दिवाणी व फौजदारी, वयानुसार आणि टप्प्यानुसार पाहता येतात. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी: ग्रिडवर दिसते ती आजची स्थिती. म्हणून अभ्यास सुरू केल्या दिवसापासून दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला ते पान उतरवून ठेवावे, नाहीतर सहा महिन्यांनी तुलनेसाठी हातात काहीच राहत नाही.

मागच्या वर्षांसाठी जिल्हा न्यायालयाची मासिक विवरणपत्रे लागतात. ती माहितीच्या अधिकाराखाली मागता येतात, पण अर्ज नेमका असावा. "न्यायालयाच्या कामाची सर्व माहिती द्यावी" असा अर्ज फेटाळला जाण्याचीच शक्यता अधिक, कारण उपलब्ध नसलेली माहिती नव्याने संकलित करून देण्याचे बंधन जनमाहिती अधिकाऱ्यावर नसते. त्याऐवजी, अमुक न्यायालयाच्या मागील तीन वर्षांच्या मासिक विवरणपत्रांच्या प्रती, तसेच त्या काळातील मंजूर, कार्यरत व रिक्त न्यायाधीशपदांची महिनावार नोंद, अशी अस्तित्वात असलेल्या कागदांची मागणी करावी. तीन वर्षांपेक्षा कमी काळ घेऊ नये. एखाद्या वर्षी मोठी लोकअदालत झाली, एखाद्या वर्षी भूसंपादन झाले, की त्या वर्षाचा आकडा फसवा ठरतो.

आकडे हाती आले की त्यांची साफसफाई करावी लागते, आणि बहुतेक निवेदने नेमकी येथेच कमी पडतात. स्थगिती असलेली प्रकरणे वेगळी काढावीत. फरारी आरोपींमुळे डॉर्मंट फाइलीला, म्हणजे तात्पुरती बाजूला, ठेवलेली प्रकरणे वेगळी काढावीत. एका न्यायालयातून दुसऱ्या न्यायालयात वर्ग झालेली प्रकरणे दोनदा मोजली गेली नाहीत ना, हे पाहावे. कामकाजाचे वाटप बदलले की एका न्यायालयाकडची प्रकरणे कमी झालेली दिसतात आणि शेजारच्या न्यायालयाकडची अचानक वाढतात, पण तालुक्याच्या दृष्टीने काहीही घडलेले नसते. जामिनाचे अर्ज, विलंब माफीचे अर्ज, वारस दाखल्याचे अर्ज यांना स्वतंत्र क्रमांक मिळतात, म्हणून त्यांचा एक वेगळा गट करावा.

निकालाचा दर काढताना भाजक म्हणून मंजूर पदे घेऊ नयेत, प्रत्यक्ष काम केलेले न्यायाधीश-महिने घ्यावेत. दोन मंजूर पदांचे तीन वर्षांत ७२ न्यायाधीश-महिने होतात. त्यांपैकी १४ महिने एक पद रिक्त असेल, तर काम ५८ महिन्यांचेच झाले. निकाली प्रकरणांना ७२ ने भागले तर न्यायाधीश संथ दिसतील आणि गरज फुगेल. ५८ ने भागले तर खरा वेग दिसेल. प्रभारी न्यायाधीशाने आठवड्यातून दोन दिवस येऊन काम पाहिले असेल, तर तेही त्या प्रमाणात धरावे.

एका प्रकरणाला न्यायाधीशाचा किती वेळ लागतो

हा अभ्यासाचा सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत मोलाचा भाग आहे. त्यासाठी दोन कामे करावी लागतात: बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीवरचे कामकाज, पाहणे आणि रोजनामे, म्हणजे प्रत्येक तारखेला प्रकरणात काय झाले याच्या नोंदी, वाचणे.

न्यायालयाचे कामकाज खुले असते. ज्या प्रकरणांची सुनावणी बंद खोलीत होते ती वगळून कोणालाही मागच्या बाकावर बसून नोंद घेता येते. तरीही न्यायाधीशांना आणि सहायक अधीक्षकांना हेतू सांगून बसावे, हे शिष्टाचाराला धरून आहे. कागदावर सात रकाने आखावेत: बोर्डावरील क्रमांक, प्रकरणाचा प्रकार, टप्पा, पुकारा झाल्याची वेळ, काम संपल्याची वेळ, काय झाले, आणि काहीच झाले नसेल तर का. अकरा वाजता पुकारे सुरू होतात. पहिल्या तासाभरात बोर्डाचा मोठा भाग एकेका मिनिटात पुढे सरकतो: समन्स बजावून परत आले नाही, तारीख, आरोपी गैरहजर, वॉरंट, वकिलांचा मुदतीचा अर्ज, खर्चासह मंजूर. मग एका दाव्यात साक्षीदार उभा राहतो आणि सातबाराच्या एका फेरफार नोंदीवरचा उलटतपास पाऊण तास चालतो, कारण प्रत्येक प्रश्नोत्तर लघुलेखकाकडून टंकलिखित करून घ्यावे लागते. दुपारच्या सुट्टीनंतर पोलीस रिमांडसाठी आरोपींना घेऊन येतात, मध्येच एखादा जबाब नोंदवायचा असतो, आणि सकाळी राहिलेला निशाणी ५ वरचा तात्पुरत्या मनाईचा युक्तिवाद साडेचारला सुरू होतो. संध्याकाळी कागदावर नजर टाकली, की बोर्डावरच्या सत्तर-ऐंशी प्रकरणांपैकी न्यायाधीशाचा दिवस खरोखर खाल्ला तो सात-आठ प्रकरणांनी, हे स्पष्ट दिसते. सलग दिवस न बसता वेगवेगळ्या वारांना आणि वेगवेगळ्या महिन्यांत बसावे. न्यायालयाचे वार बहुधा ठरलेले असतात. केवळ पुराव्याच्या दिवशी बसलेल्याला एक चित्र दिसते आणि केवळ फौजदारी बोर्डाच्या दिवशी बसलेल्याला दुसरेच.

बोर्डाच्या निरीक्षणातून प्रत्येक टप्प्याला लागणारा वेळ मिळतो. एका प्रकरणात असे किती टप्पे येतात, हे रोजनाम्यातून मिळते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांकांचा सी.एन.आर. क्रमांक असतो आणि त्यावरून तारखांचा इतिहास व त्या त्या दिवशी झालेले काम पाहता येते, त्यामुळे पहिल्या फेरीसाठी फायलीची पाहणी मागावी लागत नाही. प्रत्येक प्रकारातली निकाली निघालेली निदान पन्नास प्रकरणे घ्यावीत आणि ती आवडीने निवडू नयेत. निकाली प्रकरणांच्या यादीतले दर विसावे किंवा दर तिसावे प्रकरण घेतले म्हणजे पुरे. तडजोडीने मिटलेली, काढून घेतलेली, गैरहजेरीत निकाली निघालेली प्रकरणे त्यात येऊ द्यावीत. फक्त लढवलेले दावे घेतले तर भार फुगतो आणि उच्च न्यायालयातल्या छाननीत ते लगेच पकडले जाते.

उदाहरणार्थ, जमिनीच्या वहिवाटीचा एक दावा घ्यावा. सहा वर्षांत त्याला चाळीसेक तारखा पडलेल्या असतात. रोजनामा वाचताना प्रत्येक तारखेसमोर खूण करावी: त्या दिवशी प्रकरण पुढे सरकले की नाही. निशाणी ५ चा युक्तिवाद व आदेश, कैफियत दाखल होणे, मुद्दे काढणे, वादीचे सरतपासाचे प्रतिज्ञापत्र, वादीचा उलटतपास, दोन साक्षीदार, प्रतिवादीचा पुरावा, युक्तिवाद, निकाल. अशा नऊ-दहा तारखा परिणामकारक निघतात. उरलेल्या तीस तारखांची कारणे वेगळी लिहावीत: समन्सची बजावणी नाही, वकील उपलब्ध नाहीत, मोजणीचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयाकडून आला नाही, पीठासीन अधिकारी रजेवर, वेळेअभावी तहकूब. या यादीतले फक्त शेवटचे कारण नव्या न्यायालयाच्या बाजूने बोलते. "वेळेअभावी" असे शब्द रोजनाम्यात किती वेळा येतात, याची मोजणी प्रस्तावात स्वतंत्र परिच्छेदात द्यावी. तिच्याइतका थेट पुरावा दुसरा नाही. बजावणीअभावी पडलेल्या तारखा जास्त असतील, तर तालुक्याला न्यायाधीशाआधी बेलिफ (समन्स बजावणारा कर्मचारी) हवा आहे, आणि तसे लिहिण्यात संकोच बाळगू नये.

निकालपत्र लिहायला लागणारा वेळ बाकावर बसून दिसत नाही. तो न्यायाधीशच सांगू शकतात, आणि बहुतेक न्यायाधीश ते काम संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी करतात. प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीशांची अनुमती मिळाल्यास जिल्ह्यातील चार-सहा न्यायाधीशांना काही आठवडे साधी नोंदवही ठेवण्याची विनंती करता येते. अभ्यासात कोणत्याही न्यायाधीशाचे नाव येऊ देऊ नये आणि दोन न्यायाधीशांच्या वेगाची तुलना करू नये. मोजमाप कामाचे आहे, व्यक्तीचे नाही. हा विश्वास एकदा गेला की पुढची माहिती मिळत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्यामुळे फौजदारी प्रकरणांचे जुने भार जसेच्या तसे वापरू नयेत. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांची घटनास्थळाला भेट, झडतीचे दृकश्राव्य चित्रण अशा तरतुदींमुळे पुराव्याचे स्वरूप बदलत आहे. नव्या संहितेखालची पुरेशी प्रकरणे निकाली निघेपर्यंत भार तात्पुरता आहे, असे अहवालात नमूद करावे.

हिशेब

आता एक कल्पित तालुका घेऊ. आकडे केवळ रीत समजावी म्हणून योजले आहेत. न्यायाधीशांची मंजूर पदे दोन असून दोन्ही भरलेली आहेत. वर्षाला सरासरी ३०० दिवाणी दावे, ६० दरखास्ती (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे अर्ज), ४०० नियमित फौजदारी खटले, धनादेश न वटल्याची ३५० प्रकरणे, कौटुंबिक हिंसाचार व पोटगीचे १२० अर्ज आणि दारूबंदी, जुगार, मोटार वाहन अशी १,५०० संक्षिप्त प्रकरणे दाखल होतात. एकूण २,७३०.

निरीक्षणातून निघालेले भार असे समजू: दावा २४० मिनिटे, दरखास्त ९०, फौजदारी खटला १५०, धनादेश प्रकरण ८०, कौटुंबिक अर्ज १५० आणि संक्षिप्त प्रकरण ८ मिनिटे. गुणाकार केला की दाव्यांची ७२,०००, दरखास्तींची ५,४००, खटल्यांची ६०,०००, धनादेशांची २८,०००, कौटुंबिक अर्जांची १८,००० आणि संक्षिप्त प्रकरणांची १२,००० मिनिटे होतात. बेरीज १,९५,४००. संक्षिप्त प्रकरणे संख्येने निम्म्याहून अधिक असूनही वेळ घेतात तो जेमतेम सहा टक्के, आणि दावे संख्येने अकरा टक्के असून वेळ घेतात तो सदतीस टक्के. सगळी प्रकरणे एका मापाने मोजली की केवढी दिशाभूल होते, ते येथे दिसते.

न्यायाधीशाचे वर्ष २४० दिवसांचे आणि दिवस ३३० मिनिटांचा धरू. रिमांड, जामीन, जबाब, विधी सेवा समितीचे काम आणि प्रशासन यांसाठी रोज ६० मिनिटे वजा केली की २७० मिनिटे उरतात. वर्षाला ६४,८०० मिनिटे. १,९५,४०० ला ६४,८०० ने भागले की ३.०२ येतात. म्हणजे तीन न्यायाधीश लागतील, आहेत दोन.

हेच उत्तर निकालाच्या दराने तपासू. दोन न्यायाधीश मिळून वर्षाला २,३०० प्रकरणे निकाली काढतात, म्हणजे प्रत्येकी १,१५०. दाखल २,७३० ला १,१५० ने भागले की २.३७ येतात, आणि वित्त विभागातला कोणीही म्हणेल की यासाठी तिसरे पद कशाला. परंतु २,३०० पैकी १,४५० संक्षिप्त प्रकरणे होती. ती दोन्ही बाजूंनी वगळली तर दाखल १,२३० आणि निकाली ८५०, म्हणजे प्रत्येकी ४२५, भागाकार २.८९. आता दोन्ही पद्धती तिसऱ्या न्यायाधीशाकडेच बोट दाखवतात.

थकबाकी या हिशेबात मिसळू नये. समजा संक्षिप्त वगळून ३,४०० प्रकरणे प्रलंबित आहेत. ती सर्वच थकबाकी नव्हे; कोणत्याही न्यायालयात ठरावीक संख्येने प्रकरणे आपापल्या टप्प्यावर रास्तपणे चालू असतात. तीन वर्षांहून जुनी १,७०० प्रकरणे हीच थकबाकी मानली, तर ४२५ च्या दराने ती चार न्यायाधीश-वर्षांचे काम आहे. त्यासाठी चार वर्षांपुरते एक तात्पुरते पद मागावे आणि कायम पदाची मागणी वेगळी ठेवावी. कायम गरज आणि तात्पुरती गरज एकत्र करून मागितलेली दोन कायम पदे बहुधा दोन्ही नामंजूर होतात.

गरजेचा आकडा अपूर्णांकात आला तर काय करावे, याबद्दल माझा कल स्पष्ट आहे. वाढीव काम अर्ध्या न्यायाधीशापेक्षा कमी असेल तर पद मागू नये. शेजारच्या तालुक्यातील न्यायाधीशाने ठरावीक दिवशी येऊन बसण्याची लिंक कोर्टाची व्यवस्था किंवा जिल्ह्यातल्या कामाचे फेरवाटप सुचवावे.

जे दाखलच होत नाही

भारित मोजणीची एक मोठी मर्यादा आहे: न्यायालयापर्यंत पोहोचलेले कामच ती मोजते. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाहून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. न्यायालयीन कामासाठी एवढे अंतर जाऊन यायचे, तर पक्षकाराचा एका तारखेला एक दिवस पुरत नाही, मजुरी बुडते ती वेगळीच. अशा ठिकाणी कमी दाखल संख्येचा अर्थ तंटे कमी आहेत असा होत नाही.

यासाठी तालुक्यातून दर लाख लोकसंख्येमागे किती दिवाणी दावे दाखल होतात ते शेजारच्या, न्यायालय जवळ असलेल्या तालुक्याशी ताडून पाहावे. लोकसंख्येसाठी २०११ ची जनगणनाच हाताशी आहे, हे सांगून टाकावे. त्याचबरोबर तालुक्यातून उठून जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल होणारे काम शोधावे: मोटार अपघात नुकसानभरपाईचे अर्ज, भूसंपादनाचे संदर्भ, दिवाणी अपिले, सत्र खटले. फौजदारी प्रकरणे पोलीस ठाण्यावरून ओळखता येतात. दिवाणी प्रकरणांत पक्षकारांच्या गावावरून नमुना काढावा लागतो. वरिष्ठ स्तर किंवा अतिरिक्त सत्र न्यायालयाची मागणी असेल तर हाच भाग निर्णायक ठरतो. न्यायालयाच्या दारात बसून, परवानगीने, पक्षकारांना तीनच प्रश्न विचारावेत: कोणत्या गावाहून आलात, घरातून किती वाजता निघालात, आणि आज तुमच्या प्रकरणात काय झाले. या उत्तरांची सारणी प्रस्तावाला जोडावी.

अंतराचा मुद्दा भावनेचा म्हणून बाजूला टाकला जाऊ नये, यासाठी कोल्हापूरचा दाखला जरूर द्यावा. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे परिक्रमा खंडपीठ, म्हणजेच सर्किट बेंच, ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सुरू झाले. त्यासाठी तेथील वकिलांनी आणि पक्षकारांनी कित्येक दशके मागणी लावून धरली होती, आणि मुंबईपर्यंतचा सुमारे पावणेचारशे किलोमीटरचा प्रवास हा त्या मागणीचा कणा होता.

नव्या न्यायालयाचे मागे राहणाऱ्यावर परिणाम

एक न्यायालय विभागले की जुन्या न्यायालयाचे काम कमी होते, ही बाजू प्रस्तावात क्वचितच असते. नव्या न्यायालयाकडे कोणती गावे व कोणती पोलीस ठाणी जाणार, त्यांची किती प्रकरणे वर्ग होणार आणि मूळ न्यायालयात भारित काम किती उरणार, याचा तक्ता द्यावा. मूळ न्यायालयात एका न्यायाधीशापुरते काम उरत नसेल, तर नवे पद निर्माण करण्याऐवजी तेथील एक पद हलवणे योग्य ठरेल, आणि ते कमी खर्चाचे असल्यामुळे लवकर मंजूरही होईल.

प्रस्तावाचा प्रवास

संविधानाच्या अनुच्छेद २३५ प्रमाणे जिल्हा व तालुका न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे आहे, परंतु पदे आणि पैसा राज्य शासनाचा. त्यामुळे प्रस्ताव प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीशांकडून उच्च न्यायालयाकडे, तेथून विधी व न्याय विभागाकडे, आणि वित्त विभागाच्या सहमतीने मंजुरीपर्यंत जातो. शेवटी शासन निर्णय निघतो. विधी व न्याय विभागाचे नवी न्यायालये मंजूर करणारे जुने शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर आहेत. त्यांपैकी दोन-तीन आधी वाचावेत. न्यायाधीशासोबत किती कर्मचारी मंजूर झाले, त्यांतील किती नियमित आणि किती बाह्यस्रोताने घ्यायचे होते, आवर्ती व अनावर्ती खर्च किती धरला होता, हे त्यांतून कळते, आणि आपला प्रस्ताव त्याच चौकटीत मांडता येतो.

इमारतीचा प्रश्न टाळू नये. न्यायदानकक्ष, अभिलेख कक्ष, न्यायाधीशांचे निवासस्थान, आरोपींसाठी कोठडी, पक्षकारांसाठी पाणी व स्वच्छतागृह, यांची सोय मंजुरीनंतर शोधू असे म्हणणारे प्रस्ताव वर्षानुवर्षे रेंगाळतात. जागा उपलब्ध असल्याचा सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा नगरपंचायतीचा दाखला आधीच जोडावा. सरकारी अभियोक्त्याच्या पदाचाही विचार करावा, कारण एकच अभियोक्ता दोन न्यायालयांत धावत असेल तर नव्या न्यायालयाचा फौजदारी बोर्ड अर्धा वेळ थांबलेला राहील.

निरीक्षणाचे मूळ तक्ते, नमुन्यात घेतलेल्या प्रकरणांचे क्रमांक आणि भार काढण्याची रीत प्रस्तावासोबत परिशिष्टात द्यावी, म्हणजे उच्च न्यायालयाला तोच हिशेब पुन्हा करून पाहता येईल. न्यायालय मंजूर होऊन सुरू झाल्यास बरोबर एक वर्षाने त्याच भारांनी, त्याच सात रकान्यांच्या कागदावर, नव्या आणि जुन्या अशा दोन्ही न्यायालयांची मोजणी पुन्हा करावी आणि ती प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना सादर करावी. जिल्ह्यातील पुढच्या तालुक्याचा प्रस्ताव तपासताना त्यांना तीच सर्वांत जास्त उपयोगी पडेल.